सुई, तबकडी आणि सांगाडा

तबकडीवरील गाणी वाजवणारे यंत्र आपण पाहिले असेल. फिरत्या थाळीवर तबकडी ठेवली आणि भुजेच्या टोकाची सुई तिच्या खाचेत अलगद टेकवली, की गाणे सुरू होते. मोठी तबकडी तीन मिनिटांत १०० फेरे घेते. खाचेच्या भिंतींवरील अतिसूक्ष्म वळणांत संगीत साठवलेले असते. त्या वळणांनुसार सुई हलते आणि या हालचालीचे रूपांतर विद्युत्-संकेतांत होते.

मात्र ही हालचाल कशामुळे झाली, हे सुईला कळत नाही. मोटरची थरथर, जमिनीवरील पावलांचा धक्का किंवा ध्वनिक्षेपकातून निघालेला आवाज यांमुळे सुई हलली, तर तेही संगीतात मिसळते. एकदा मिसळलेली ही भेसळ पुढे पूर्णपणे वेगळी काढता येत नाही. म्हणून कंपने सुईपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडवावी लागतात. हे काम यंत्राचा सांगाडा करतो.

अमेरिकेतील एडगर व्हिल्चर यांनी रचलेले आणि अकूस्टिक रिसर्च या कंपनीने १९६१ साली बाजारात आणलेले यंत्र याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात थाळी आणि भुजा एकाच मजबूत चौकटीवर बसवलेल्या होत्या व ती चौकट तीन स्प्रिंगांवर तोललेली होती. मोटर मात्र बाहेरच्या भागावर असून ती रबरी पट्ट्याने थाळी फिरवीत असे. चौकट हललीच, तर थाळी व भुजा बरोबरच हलत. त्यामुळे सुई आणि खाच यांच्यातील अंतर फारसे बदलत नसे. शिवाय अशा स्प्रिंगा अतिशय संथ झुलतात. त्यामुळे बाहेरची जलद कंपने वर पोहोचेपर्यंत क्षीण होतात.

या रचनेलाही मर्यादा आहे. लवचीक लाकडी जमिनीवर जोराने चालल्यास मंद हेलकावे बसतात आणि सुई उडू शकते. म्हणून काही निर्माते स्प्रिंगांऐवजी जड सांगाडा वापरतात, कारण जड वस्तू सहज हलत नाही. परंतु नुसता धातू घंटेसारखा निनादतो. पितळी ताटाला चमचा लागल्यावर होणारा नाद बोट टेकवताच थांबतो. त्याचप्रमाणे धातूला रबरासारख्या पदार्थाची जोड दिली, की कंपनांची ऊर्जा उष्णतेत बदलून विरून जाते.

सांगाडा स्वतः कोणताही सूर निर्माण करीत नाही. परंतु तो नीट नसेल, तर तबकडीतील मंद सूर बाहेरच्या गोंगाटात हरवून जातात.