रक्तशुद्धी आणि बोरी अरबचा रस्ता

रक्ताच्या शुद्ध-अशुद्धतेवर ज्या देशात समाजव्यवस्थेचा सारा डोलारा उभा राहिला, तिथे रक्त खरोखर कशाने अशुद्ध होते याची माहिती फार थोड्यांना असते. युरिया, क्रिएटिनीन, वाजवीपेक्षा जास्त पोटॅशियम आणि लघवीवाटे न गेलेले पाणी. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली की हे रक्तात साचू लागते. पुरोहिताच्या रक्तात साचते तसेच शेतमजुराच्याही.

डायलिसिस म्हणजे हे रक्त शरीराबाहेर आणून धुणे. यंत्राच्या नळकांड्यात केसासारख्या बारीक, पोकळ अशा हजारो नळ्या असतात. नळ्यांतून रक्त वाहते, बाहेरून क्षारयुक्त शुद्ध पाणी. मधल्या पातळ पडद्यातून विषारी द्रव्ये पाण्यात उतरतात; रक्तपेशी मोठ्या, त्या आतच राहतात. रक्त रोग्याचे, परत त्यालाच मिळते. एका वेळेला सुमारे चार तास आणि जवळजवळ 120 लिटर पाणी लागते. रोग्याला स्वतःला मात्र पाणी मोजून प्यावे लागते. पाण्याशी ज्यांचे जुने वैर घडवले गेले, त्यांना ही तहान वेगळी समजावून सांगायला नको. आणि हा इलाज रोग बरा करीत नाही. बहुधा आठवड्यातून तीनदा, मूत्रपिंडाचे रोपण न झाल्यास आयुष्यभर तो घ्यायचा असतो.

1943 साली, जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये, विलेम कोल्फ या डॉक्टरने सॉसेजच्या सेलोफेन वेष्टनाची नळी फिरत्या पिंपावर गुंडाळून असे यंत्र बनवले. सुरुवातीचे बहुतेक सारे रोगी दगावले. 1945 साली एक वृद्धा वाचली. पुढे 1960 साली अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये स्क्रिबनर यांनी रोग्याच्या हातात कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी बसवली, तेव्हा वर्षानुवर्षे डायलिसिस करणे शक्य झाले.

यंत्रे थोडी, रोगी पुष्कळ. मग सिॲटलमध्ये सात जणांची समिती बसली. वकील, धर्मोपदेशक, बँकवाला, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी आणि एक शस्त्रवैद्य. कोण जगावे हे त्यांनी ठरवायचे. उत्पन्न, शिक्षण, लग्न, मुले, चर्चमधली हजेरी, हे सारे तपासले जाई. 1962 साली ही गोष्ट छापून आली तेव्हा अमेरिकेत खळबळ उडाली. आपल्याला तिचे नवल वाटू नये. माणसाची किंमत जन्मतःच ठरवणारी समिती आपल्याकडे फार आधीपासून बसलेली आहे. 1972 साली अमेरिकेने कायदा करून बहुतेक सर्व रोग्यांच्या डायलिसिसचा खर्च सरकारवर घेतला आणि तशी निवड करण्याची गरज संपली.

आपल्याकडे हा शब्द घरोघरी पोचला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीत, 1975 साली, स्थानबद्धतेत असताना त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचे डायलिसिस सुरू झाले. यंत्रासाठी सामान्य माणसांनी वर्गणी दिली. ज्याच्यासाठी वर्गणी निघत नाही, त्याचे काय, हा प्रश्न तेव्हाही होता. आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाच्या राज्य शासनाच्या योजनेत डायलिसिस बसते. 2016 पासून जिल्हा रुग्णालयांसाठी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रमही आहे. हे थोडे नाही.

पण हिशेब यंत्रापाशी संपत नाही. दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबच्या मजुराने यवतमाळला जायचे म्हटले, तर आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला 156 खेपा. सोबत कोणीतरी लागतेच; म्हणजे घरातल्या दोन माणसांचे मिळून 312 रोज बुडाले. कापूस वेचणीचा हंगाम यासाठी थांबत नाही. डायलिसिस सुरू झाल्यावर अंडी, मासे, अशी प्रथिने अधिक खायला सांगतात आणि मीठ तोडायला सांगतात. ज्याचे जेवणच भाकरी, मीठ आणि मिरची, त्याने यातले काय तोडायचे?

पोटाच्या पडद्यातून, घरच्या घरी करायचा प्रकारही आहे. दिवसातून तीन-चार वेळा पिशवी बदलायची, हात निर्जंतुक, खोली बंद, धूळ नको. चूल, माणसे आणि शेळी एकाच छपराखाली असतील तर ती खोली कुठून आणायची? म्हणून तो यवतमाळलाच जातो. चार तासांनी सुई निघते, रक्तदाब उतरलेला असतो, पायांत गोळे येतात. दंडाला पट्टी दाबून धरत तो फलाटावर उभा राहतो, आणि दारव्ह्याच्या गाडीत बसायला जागा मिळेल की नाही, एवढेच पाहत असतो.