जुन्या धाटणीला नवे गिऱ्हाईक

भोरचा राजवाडा १८६९ साली बांधला गेला. संस्थान १९४८ साली विलीन झाले, पण जुना काळ पडद्यावर उभा करण्यासाठी चित्रपटवाले या वाड्यात येत राहिले. यंत्राचा एकसारखा माल पाहून कंटाळलेल्या शहरी गिऱ्हाइकालाही आता तसेच कोरीव खांब, पितळी कड्या नि कल्हईची भांडी हवी आहेत.

भोर-वेल्हे भागातील बांधवांनी जुने घर उतरवताना सागवानी दरवाजा जळणाच्या भावाने देऊ नये. मुंबईच्या मटण स्ट्रीटवर असाच दरवाजा दुरुस्ती-पॉलिश होऊन शोभेच्या वस्तूच्या दराने विकला जातो. मधला फरक सुताराच्या हाताचा असतो.

मात्र १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरील कलावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो, आणि खासगी व्यापाऱ्याला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. शिवाय नव्या पितळेला काळपट रंग चढवून ते आजोबांच्या वेळचे म्हणून खपवले, तर एकदा नफा होईल, पण पेढीची पत जाईल.

बहुतेक गिऱ्हाइकांना जुनी धाटणी पुरते, वस्तू जुनी असलीच पाहिजे असे नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच : बिलावर ‘नवा माल, जुनी घडण’ असे स्वच्छ लिहा आणि कारागिरीचे दाम ताठ मानेने मागा.