फिल्टर सोबत घ्या, दूध मात्र तिथलेच

तामिळनाडूतील कावेरीकाठचे कुंभकोणम जसे मंदिरांसाठी, तसेच ‘डिग्री कॉफी’साठी प्रसिद्ध आहे. पाणी न घातलेले ताजे दूध, दाट डिकॉक्शन आणि पितळी पेला-वाटी ही तिची ओळख. दुधाची शुद्धता लॅक्टोमीटरने मोजत, त्यावरून ‘डिग्री’ हे नाव पडले असे सांगतात.

या चवीची सवय झालेल्यांना समुद्रसफरीत परकी कॉफी रुचत नाही. आगीच्या भीतीने बहुतेक क्रूझ कंपन्या खोलीत विजेचा कॉफीमेकर किंवा हीटर आणू देत नाहीत. दाक्षिणात्य फिल्टरला मात्र ना वीज लागते, ना शेगडी.

जहाजावरील उपाहारगृहातून उकळते पाणी मागून घ्या. फिल्टरच्या वरच्या भांड्यात ३ चमचे चिकोरीमिश्रित पूड घालून चकतीने हलकेच दाबा, पाणी ओता आणि झाकण ठेवा. १५-२० मिनिटांत डिकॉक्शन खाली उतरेल. घाईने ढवळू नका. पूड हवाबंद डब्यातच न्या. समुद्रावरील दमट हवेत ती लवकर सादळते.

उणीव राहते ती दुधाची. तिथे बहुधा पाकिटातले टिकाऊ दूध मिळते. ते कडकडीत तापवून मागा. कुंभकोणमची ‘डिग्री’ साधणार नाही, पण दरवळ तरी ओळखीचा असेल!