नऊ लिटरचं गणित

ऑफिसच्या वॉटर कूलरला टाटा करून थेट थरच्या वाळवंटात सायकल काढायचा विचार आहे? मग बॅग भरण्याआधी हे वाचाच!

ऑफिसात पाणी कसं मिळतं? उठायचं, कूलरपर्यंत बारा पावलं, ग्लास भरायचा, दोन मिनिटं गॉसिप आणि परत डेस्क. दिवसाकाठी आपण नेमकं किती पाणी पितो, हे कुणाला ठाऊक असतं? आम्हालाही नव्हतं. आम्ही म्हणजे पुण्यातले तिघे, रविवारी सिंहगडचा घाट मारणारे आणि त्यामुळे स्वतःला लई भारी समजणारे.

प्लॅन झकास होता. जैसलमेर, रामगढ, तनोट, लोंगेवाला आणि परत. चार दिवस, साधारण पावणेतीनशे किलोमीटर. खरा सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पण डिसेंबरची रजा डेडलाइनने खाल्ली आणि आम्ही गेलो मार्चमध्ये. पहिली चूक.

रामगढपर्यंत मजेत गेलो. दुसऱ्या दिवशी खरा पिक्चर सुरू झाला. तनोटपर्यंत साठेक किलोमीटर, दोन्ही बाजूंना वाळू नि खुरटी झुडपं, आणि वारा थेट तोंडावर. ताशी पंधराच्या स्पीडने आखलेलं गणित दहावर आलं. चार तासांचे सहा झाले. पाणी मात्र माणशी चारच लिटर. त्यात फोटोसाठी थांबलो असताना एकाने दोन लिटरची पाण्याची पिशवी जमिनीवर टेकवली. खाली काटा. पिशवी रिकामी!

मग पठ्ठ्याने पाणी 'पुरवून' प्यायला सुरुवात केली. विचारलं की एकच उत्तर, "मी ओके आहे रे." दुपारी तो गप्प झाला, पोटऱ्यांत गोळे आले आणि साहेब सायकलसकट रस्त्याच्या कडेला. गंमत बघा, त्याच्या बाटलीत अजून अर्धा लिटर पाणी शिल्लक होतं.

मागून आलेल्या एका टँकरवाल्या भाऊंनी ब्रेक मारला. टँकरच्या सावलीत बसवलं, कापडी छागल पुढे केली. "पहले पानी, बाद में बात." त्यात ओआरएस कालवून घोट घोट पाजलं. तासाभराने दोस्त पहिल्यांदा हसला. उरलेला रस्ता आम्ही टँकरमधून केला. इगो? तो तिथेच वाळूत सोडला.

त्या रात्री बसून गणित नव्याने मांडलं. उन्हात पेडल मारताना तासाला पाऊण ते एक लिटर. सहा तासांचे सहा. मुक्कामापर्यंतचा एक. वारा, पंक्चर, चुकलेली वाट यांसाठी दोन. एकूण नऊ लिटर, म्हणजे नऊ किलो. जड वाटतंय? दुसरी जीन्स घरी ठेवा.

हे लक्षात ठेवा

* पाणी पाठीवर नको. मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या बॅगांत, तळाशी आणि समसमान ठेवा. नाहीतर सायकल डोलते.
* सगळं पाणी एकाच पिशवीत कधीच नको. चार-पाच बाटल्यांत वाटा.
* बाटलीवर ओला मोजा चढवा. कोरड्या हवेत माठासारखं गार राहतं.
* नुसतं पाणी ढोसणंही घातक, रक्तातलं मीठ उतरतं. ओआरएस ठेवाच. नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.
* कालव्याचं पाणी दिसलं तरी उकळल्याशिवाय किंवा क्लोरीनची गोळी टाकल्याशिवाय पिऊ नका.
* कुणी असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं, तर राइड संपली. सावली, अंगावर पाणी, वारा आणि ताबडतोब दवाखाना.

या भागात वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरी माणसं इथे शतकानुशतकं राहताहेत. वाळूखालच्या जिप्समच्या थरामुळे पावसाचं पाणी खाली खाऱ्या पाण्यात मिसळत नाही, वाळूत ओल धरून राहतं. तिथे अरुंद 'कुंई' खणून लोक ते थेंबाथेंबाने गोळा करतात. अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूंदें' या पुस्तकात हे सगळं सुरेख सांगितलंय. जाण्याआधी वाचलं असतं, तर चार लिटर घेऊन निघायची हिंमत झाली नसती.

परत आल्यावर सोमवारी कूलरपाशी उभा होतो. शेजारच्या क्युबिकलमधल्याने अर्धा ग्लास पिऊन उरलेलं बेसिनमध्ये ओतलं. आमचा दोस्त नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "डिसेंबरच्या रजेचा अर्ज आजच टाकू या. आणि या वेळी नऊ लिटर!"