शनिवारची रात्र, शुक्रवारचे विमान

नवरात्रातल्या एका संध्याकाळी, ठाण्याच्या टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाची रांग पार वळणापलीकडे गेलेली असताना आणि ध्वनिक्षेपकांच्या गर्जनेने आमच्या खिडकीची तावदाने थरथरत असताना, दिवाळीनंतर बंगळुरूला लेकीकडे जाण्यासाठी मी विमानाचे तिकीट काढले. तिकिटावर वार शनिवार होता आणि वेळ ००.३५, भाडे माफक होते, आणि शनिवारी रात्रीचे जेवण आटोपून निघावे, रविवारची सकाळ नातवंडांच्या गलबल्यात उजाडावी, असा सुखद हिशेब मी मनाशी करून टाकला. त्या हिशेबाप्रमाणे शनिवारी रात्री दहा वाजता चकल्यांचा डबा काखोटीला मारून मी विमानतळाच्या दाराशी उभा राहिलो, तेव्हा तेथील जवानाने तिकीट उलटसुलट निरखून, चेहऱ्यावर उपहासाची रेषाही न उमटू देता, एवढेच सांगितले, “अंकल, ये तो कल रात को चली गई.”

परतीच्या टॅक्सीत, मुलुंड मागे पडेपर्यंत, माझ्या मनात त्याचे ते ‘कल रात’ घोळत राहिले. कारण कागदाच्या हिशेबाने ते विमान काल गेलेच नव्हते, ते ‘आज’ मध्यरात्रीनंतर पस्तिसाव्या मिनिटाला गेले होते, आणि तरीही रोज शेकडो तिकिटे तपासणाऱ्या त्या माणसाच्या तोंडी तो काळ ‘काल रात्र’ म्हणूनच आला. आपल्याकडे वार बदलतो तो सूर्योदयाला. पंचांगाचा हा संस्कार इतका खोल रुजलेला आहे, की मुंबईहून बारा वाजून गेल्यावर सुटणाऱ्या कर्जत-कसाऱ्याच्या गाडीलाही कल्याण-डोंबिवलीचा चाकरमानी ‘आजची शेवटची लोकल’ म्हणतो. संगणकाला मात्र सूर्य ठाऊक नाही. मध्यरात्रीचा ठोका पडला की त्याचा वार पालटतो, आणि आखाती देशांकडे व पश्चिमेकडे जाणारी कितीतरी विमाने नेमकी ह्याच, दोन वारांच्या सांध्यावरच्या, संदिग्ध प्रहरात सुटतात. तेव्हापासून मी एक नियम स्वतःपुरता केला आहे : मध्यरात्र ते पहाट ह्या वेळेचे तिकीट असेल, तर घरच्या दिनदर्शिकेवर खूण करायची ती आदल्या दिवसाच्या चौकटीत, आणि तिथे लिहायचे ‘आज जेवून निघणे’.

अशा चुकीला समाज वेंधळेपणा म्हणतो आणि चूक करणाराही ते निमूटपणे मान्य करून टाकतो. मला हे निदान अपुरे वाटते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ज्या गावात येऊन थांबली, त्या ठाण्याच्या माणसाच्या प्रवासविषयक सवयी पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेने घडवलेल्या आहेत, आणि रेल्वे, तिच्याविषयी आपण कितीही कुरकुर केली तरी, चुकणाऱ्याला सांभाळून घेणारी संस्था आहे. तिच्या आरक्षणाच्या यादीत नावाची आद्याक्षरे आणि आडनाव असले तरी आजवर भागत आले. स्वतःला जाणे अशक्य झाले, तर गाडी सुटण्यापूर्वी चोवीस तास अर्ज करून आपले निश्चित झालेले तिकीट आई-वडील, भावंडे, पती-पत्नी किंवा मुले ह्यांच्यापैकी कोणाच्या नावे करून देण्याचीही मुभा ती देते. विमानाच्या तिकिटाला असे नाते-गोते नाही. ते ज्याच्या नावाचे त्याचेच. ते भावाला देता येत नाही, की बायकोला. आणि म्हणूनच नावातले एक अक्षर तिथे दस्तऐवजातल्या सर्व्हे नंबराइतके मोलाचे ठरते.

आणि आपली मराठी नावे म्हणजे ह्या बाबतीत एक स्वतंत्र प्रकरणच आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी आपली त्रिपदी. पासपोर्टावर मात्र रकाने दोनच, एक आडनावाचा आणि दुसरा उरलेल्या सगळ्या नावाचा, ज्यात वडिलांचे नावही बहुधा सामावलेले असते. तिकीट काढणारा मुलगा घाईने आईचे नुसते नाव आणि आडनाव लिहितो, किंवा वडिलांचे नाव आडनावाच्या जागी टाकून देतो. लग्नानंतर आडनावच नव्हे तर क्वचित पाळण्यातले नावही बदलणाऱ्या आपल्या समाजात नववधूची पंचाईत तर विचारूच नये : आधार कार्ड सासरच्या नावाचे, पासपोर्ट माहेरच्या, आणि तिकीट काढणाऱ्या दिराला वहिनीचे माहेरचे आडनाव नीट आठवतही नाही. त्यातून ‘विद्या’ व्ही अक्षराने लिहायची की डब्ल्यूने, ह्यावर एकाच घरातल्या तीन कागदांत तीन मते असू शकतात. ह्यावर तोडगा एकच, आणि तो कंटाळवाणा आहे : नाव आठवणीने लिहू नये; प्रवासाच्या वेळी जो कागद दाखवायचा आहे तो समोर ठेवून, त्यावरून एकेक अक्षर उतरवून घ्यावे. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये, पासपोर्टावर केवळ एकेरी नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाकारण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा आडनावाचा रकाना कधी काळी रिकामा सोडलेल्या अनेकांना त्या रिकाम्या जागेची किंमत कळली.

गावांच्या गफलती त्या मानाने दुर्मीळ, पण ऐकायला अधिक सुरस. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला निघालेले प्रवासी कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या सिडनीला जाऊन उतरल्याच्या घटना एकाहून अधिक वेळा घडलेल्या आहेत. आपण हसतो, पण आपल्या दाराशीही आता ही जुळी गावे येऊन ठेपली आहेत. गोव्यात दाबोळीच्या जोडीला जानेवारी २०२३ पासून मोप्याचा विमानतळ चालू झाला. सावंतवाडीकराला मोपा अंगणासारखा, पण मडगावच्या लग्नाला निघालेला पाहुणा तिथे उतरला तर अर्धा गोवा त्याला रस्त्याने पालथा घालावा लागतो. आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून वाहतूक सुरू झाल्याने, ठाणे जिल्ह्यातल्या माणसाने ‘मुंबई’ हा शब्द पाहून निश्चिंत होण्याचे दिवस संपले. जुन्या विमानतळाचे सांकेतिक नाव, शहराचे नाव बदलले तरी, बॉम्बेच्या आठवणीने अजून बीओएम असेच आहे, नव्याचे एनएमआय. टेंभी नाक्यावरून निघणाऱ्याची टॅक्सी एकीकडे मुलुंडच्या दिशेने जाते, दुसरीकडे ऐरोली-बेलापूरच्या, आणि डोंबिवलीकर तर शिळफाट्यालाच वेगळा होतो. सहार आणि सांताक्रूझ ही एकाच विमानतळाची दोन टोके आहेत हेही विसरणारे विसरतात.

आता चूक घडल्यानंतरचे. विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०२५ मध्ये लागू असलेल्या नियमावलीप्रमाणे, तिकीट काढल्यापासून चोवीस तासांच्या आत ते रद्द केले किंवा बदलून घेतले, तर त्याबद्दल कंपनीला दंड आकारता येत नसे. बदललेल्या विमानाचे भाडे अधिक असेल तर तेवढा फरक भरावा लागे. विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तिकीट काढलेले असून प्रवासाला सात दिवसांहून कमी अवधी उरला असेल, तर मात्र ही सवलत मिळत नसे. नावाच्या लेखनातली चूक, माणूस तोच असेल आणि तिकीट कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट काढलेले असेल, तर चोवीस तासांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावी लागते. तिकीट रद्द करण्याची किंवा बदलण्याची मुदत अठ्ठेचाळीस तासांची करावी असा मसुदा महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा तिकीट काढतेवेळी चालू नियम पाहावा, पण स्वतःची सवय चोवीस तासांचीच ठेवावी हे बरे.

ह्या मुदतीचा खरा शत्रू अज्ञान नव्हे, लाज आहे. आमच्याच इमारतीतल्या एका तरुण सूनबाईंना सासऱ्यांच्या तिकिटावरची चूक तासाभरात कळली होती. पण नव्या घरात पहिल्याच कामात चुकल्याचे सांगायचे कसे, ह्या संकोचात तीन दिवस गेले, आणि जी दुरुस्ती फुकट झाली असती तिला नव्या तिकिटाचे पैसे पडले. सासरे रागावले नाहीतच. ते नुसते म्हणाले, “अगं, तेव्हाच बोलायचंस!”

मुदत टळल्यावरही सारेच बुडते असे नाही. १ ऑगस्ट २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्त नियमांनुसार रद्द करण्याचा आकार मूळ भाडे आणि इंधन अधिभार ह्यांच्या बेरजेपेक्षा अधिक घेता येत नाही, आणि सरकारी कर, विमानतळाचे विकास शुल्क व प्रवासी सेवा शुल्क ह्या रकमा परत कराव्याच लागतात. तिकीट ‘परतावा नाही’ ह्या अटीवर घेतलेले असो, सवलतीतले असो, नाहीतर प्रवासी विमानतळावर पोचलेलाच नसो. ज्याचे विमान चुकले, त्याच्या मनात हा परतावा मागण्याचा विचारही बहुधा येत नाही. मी मागितला. दोन स्मरणपत्रांनंतर माझे हजार-बाराशे रुपये खात्यात जमा झाले. रक्कम मोठी नव्हती, पण चुकलेल्या माणसालाही काही येणे असते, ह्याचा तो लेखी पुरावा होता. माझे परतीचे तिकीट वेगळे काढलेले होते म्हणून ते वाचले. जाण्या-येण्याचे एकच तिकीट असते आणि जातानाच्या विमानाला मी गैरहजर राहिलो असतो, तर बहुतेक कंपन्यांच्या रिवाजाप्रमाणे परतीचे आसनही आपोआप रद्द झाले असते. मध्यस्थाकडून तिकीट घेतले म्हणून कंपनीला हात झटकता येत नाहीत. एजंट हा तिचाच प्रतिनिधी मानला जातो आणि परताव्याची जबाबदारी अखेर तिच्यावरच येते.

चूक पैसे भरतानाही होते. पैसे खात्यातून गेले पण तिकीट आले नाही, अशा क्षणी पुन्हा बटण दाबणारे लोक एकाच आसनासाठी दोनदा पैसे भरून बसतात. आधी निरोप आणि ई-मेल पाहावा, कंपनीकडे नोंद झाली आहे का ते विचारावे. अर्धवट राहिलेला असा व्यवहार पाच दिवसांत उलटवला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा हुकूम आहे. आणि घाबरलेल्या मनःस्थितीत, इंटरनेटवर जो पहिला ‘मदत क्रमांक’ दिसेल तो फिरवू नये. तिकिटाचे सहा हजार वाचवायला निघालेल्या माणसाचे साठ हजार घेऊन जाणारे ठग नेमके तिथेच दबा धरून असतात. क्रमांक घ्यावा तो तिकिटावरचा. फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० ह्या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर कळवावे.

परताव्यासाठी कंपनी दाद देत नसेल तर तिच्या नोडल अधिकाऱ्याकडे, मग सरकारच्या एअरसेवा ह्या तक्रार-व्यवस्थेकडे, १९१५ ह्या ग्राहक क्रमांकाकडे, आणि अखेरीस जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या कायद्याने ही तक्रार राहत्या ठिकाणच्या आयोगापुढे करता येते, म्हणजे ठाणेकराला त्यासाठी कंपनीच्या मुख्यालयाचे गाव गाठावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मात्र आपल्या चुकीचे खापर आयोग दुसऱ्याच्या माथी फोडून देईल, ही अपेक्षा धरू नये. तो देववतो ते नियमाने आपले असलेले येणे.

वाचकहो, घरात कोणाचे तिकीट आजच काढलेले असेल, तर ते आत्ता उघडून मोठ्याने वाचा, आणि ज्याच्या नावाचे आहे त्याला शेजारी पासपोर्ट किंवा आधार कार्ड घेऊन बसवा.