थंडी, पहाट आणि मेंदूतली नस

मार्गशीर्ष-पौषात कुणाच्या अंगावरून वारं गेलं, की ‘थंडी बाधली’ म्हणून गाव मोकळं होतं. करवीर तालुक्यातलं आमचं गडमुडशिंगी याला अपवाद नाही. याला भाबडेपणा म्हणून हसायचं कारणही नाही. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिसच्या नावावरच्या सूत्रांतही अशा झटक्याची गणना हिवाळ्याच्या आजारांत आहे. थंडी नेमकं काय करते, ते मात्र रक्तदाब मोजता येऊ लागल्यावरच उलगडत गेलं.

इटलीच्या रिव्हा-रोच्चीनं १८९६ साली दंडाला बांधायचा पट्टा आणला, रशियाच्या कोरोटकॉव्हनं १९०५ मध्ये त्याला स्टेथोस्कोपची जोड दिली. मोजता आलं, पण उतरवायला औषध नव्हतं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी भर दुपारी मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले. त्या वेळी त्यांचा वरचा रक्तदाब ३०० च्या घरात होता. ना थंडी, ना पहाट. ऋतू आणि घड्याळ धोका कमीजास्त करतात, पण मूळ दुखणं दाबाचं, हे या एका मृत्यूवरून जितकं कळतं तितकं दहा तक्त्यांवरून कळत नाही.

तक्ते पुढं आलेच. हिवाळ्यात रक्तदाब चढतो, हे १९६१ मध्ये जेफ्री रोज यांनी मांडलं. १९७१ च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला आणि गुठळी अडकली की नस फुटली, हे जिवंत माणसात दिसू लागलं. १९७८ मध्ये धमनीत नळी ठेवून दिवसरात्र दाब टिपला गेला. रात्री तो सर्वांत खाली आणि सकाळी उठल्यानंतर सर्वांत वर, असं दिसलं. १९९८ साली ११,८१६ झटक्यांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळेत रक्तस्रावाचे झटके अपेक्षेपेक्षा ३४ टक्के जास्त निघाले. गुठळीच्या झटक्यांत हा फरक आणखी मोठा होता. गुठळीचा झटका पुष्कळदा झोपेतून उठल्यावर लक्षात येतो. नस मात्र बहुधा माणूस जागा, कामात असताना फुटते. काही अभ्यासांत संध्याकाळीही तिचा दुसरा चढ दिसतो.

आता आमच्याकडची हिवाळ्यातली पहाट बघा. रातपाळीची वीज असली की साठीचा गडी पाच वाजता ऊबदार वाकळेतून उठतो आणि उसाला पाणी पाजायला जातो. पाय गार पाटात. थंडीनं कातडीतल्या रक्तवाहिन्या आखडलेल्या, घाम नाही म्हणून मीठ अंगातच राहिलेलं, जाग आल्यामुळं अॅड्रेनलिन चढलेलं. वर तंबाखूची चिमूट. परत आल्यावर धार काढून दूध डेअरीला घालायचं, मग खरडा-भाकरीची न्याहारी आणि त्यानंतर आठवली तर बीपीची गोळी. गांधीनगरच्या कापडपेठेत किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणाऱ्यांची गत फार वेगळी नसते. उन्हाळ्यात चक्कर आली म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची आणि हिवाळ्यात ती सुरू करायची राहून जायची, हे मला थंडीपेक्षाही घातक वाटतं.

गोळी कधी घ्यायची यावर मधल्या काळात बरीच धुमश्चक्री झाली. स्पेनमधल्या एका मोठ्या अभ्यासानं २०१९ मध्ये झोपताना घेण्याचा जोरदार पुरस्कार केला. त्या आकड्यांवर अनेकांनी शंका घेतल्या. मग २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये २१,००० हून अधिक रुग्णांवर चाललेल्या चाचणीत सकाळ-संध्याकाळ असा फरकच आढळला नाही. जी वेळ चुकत नाही ती आपली, एवढंच त्यातून उरलं. आमच्या गड्याला ही बातमी सोयीची आहे; गोळीची डबी रात्रीच्या जेवणाच्या ताटाजवळ ठेवली तरी चालेल.

२०२३ पासून घड्याळाचा आणखी एक काटा पुढं आलाय. मेंदूत रक्तस्राव झालेल्या, भारतासह दहा देशांतल्या ७,००० वर रुग्णांच्या चाचणीत रक्तदाब उपचार सुरू झाल्यापासून तासाभरात १४० च्या खाली आणण्याचं उद्दिष्ट होतं. सोबत साखर आणि तापही आटोक्यात ठेवले, तेव्हा रुग्ण अधिक चांगले सावरले. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडी वळली किंवा डोकं फुटेल असं दुखून उलटी झाली, तर तेल चोळत बसायचं नाही. पाणी किंवा गोळीही तोंडात घालायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठायचं. निघताना सुरुवात किती वाजता झाली ते कागदावर लिहून घ्यावं; डॉक्टर आधी तेच विचारतात.