कुराणपठणाचा श्रीगणेशा : आधी उच्चारस्थान, मग गती

इंदूरच्या खजराणा भागात अहिल्याबाई होळकरांच्या काळाशी नाते सांगणारे गणेश मंदिर आहे आणि त्याच परिसरात नाहरशाह वली यांचा दर्गाही आहे. मंदिरात अथर्वशीर्ष म्हणणाऱ्याला जी धास्ती असते, तीच मकतबात कुराण शिकणाऱ्यालाही असते. उच्चार चुकला, तर अर्थ बिघडेल ही ती धास्ती होय. या भीतीला आधार आहे. अरबीत ‘कल्ब’ हा शब्द घशाजवळच्या ‘काफ’ने उच्चारला, तर त्याचा अर्थ हृदय होतो, तोच साध्या ‘क’ने उच्चारला, तर कुत्रा. मराठी कानाला हा फरक सहसा जाणवत नाही. म्हणूनच कुराण ‘वाचणे’ आणि कुराणाचे ‘पठण करणे’ या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात.

शुद्ध पठणाच्या शास्त्राला ‘तजवीद’ म्हणतात. एखादी गोष्ट उत्तम रीतीने करणे, असा या शब्दाचा मूळ अर्थ आहे. कुराणाच्या ७३ व्या अध्यायात सावकाश, स्पष्ट पठणाची आज्ञा असून त्यासाठी ‘तर्तील’ हा शब्द आला आहे. पुढे पंडितांनी या आज्ञेचे नियम बांधले. इ. स. १४२९ मध्ये निधन पावलेले इब्न अल्-जझरी हे त्यांतील अग्रगण्य होत. त्यांनी मान्य केलेल्या मांडणीनुसार अरबी वर्णांची उच्चारस्थाने १७ आहेत आणि मुखपोकळी, कंठ, जीभ, ओठ व नासिका या पाच प्रदेशांत ती विभागलेली आहेत. उच्चारस्थानाला ‘मखरज’ ही संज्ञा आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य हे वर्गीकरण शाळेत शिकलेल्या मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

अडचण येते ती आपल्या वर्णमालेत नसलेल्या ध्वनींची. ‘झाल’, ‘झे’, ‘झ्वाद’ आणि ‘झोय’ ही चार अक्षरे उर्दू बोलणारा एकाच ध्वनीने उच्चारतो. अरबीत मात्र चारही ध्वनी भिन्न आहेत. ‘झाल’साठी जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लागते, ‘झ्वाद’साठी जिभेची कड वरच्या दाढांना टेकते. ‘से’, ‘सीन’ आणि ‘स्वाद’ यांचीही हीच गत. मराठी भाषकाची आणखी एक सवय आड येते. ‘जग’, ‘जर’ या शब्दांतला आपला दंत्य ‘ज’ तो नकळत ‘झे’च्या जागी वापरतो. त्यात ‘द’चा स्पर्श असतो आणि अरबी ध्वनीत तो चालत नाही.

काही नियम मात्र आपल्या अंगवळणीच पडलेले आहेत. स्वररहित ‘नून’नंतर ‘बे’ आल्यास ‘न’चा ‘म’ होतो. ‘मिन बअद’ हे ‘मिम बअद’ असे म्हटले जाते. ‘संबंध’ आणि ‘अंबर’ या शब्दांत अनुस्वाराचे आपण हेच करतो. या नियमाला ‘इक्लाब’ म्हणतात. ‘नून’नंतर सहा कंठ्य वर्णांपैकी एखादा आला, तर ‘न’ स्वच्छ उच्चारायचा, तो ‘इझहार’. स्वर लांबवण्याला ‘मद्द’ ही संज्ञा असून नैसर्गिक मद्द दोन मात्रांचा, तर सर्वांत दीर्घ सहा मात्रांचा असतो. ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत हा भेद जाणणाऱ्याला यातले तत्त्व लगेच उमगेल.

भारतात शिक्षणाचा आरंभ बहुधा ‘कायदा’ नावाच्या पातळ पुस्तिकेने होतो. लुधियान्याचे मौलाना नूर मुहम्मद यांनी तयार केलेला ‘नूरानी कायदा’ विशेष प्रचलित आहे. आधी सुटी अक्षरे, मग जोडाक्षरे, मग स्वरचिन्हे आणि शेवटी शब्द, असा त्याचा क्रम आहे. त्यानंतर विद्यार्थी ३० व्या पाऱ्यातील लहान अध्यायांकडे वळतो. इंदुरात मोठ्या संख्येने असलेल्या दाऊदी बोहरा समाजात कुराण मुखोद्गत करण्याच्या शिक्षणासाठी ‘महद अल्-झहरा’ ही स्वतंत्र संस्था आहे. पद्धत कोणतीही असो, गुरूने म्हणायचे, शिष्याने ऐकून तसेच म्हणायचे आणि गुरूने चूक दुरुस्त करायची, हा गाभा बदलत नाही. ध्वनिमुद्रणे कानाला वळण लावतात. परंतु जीभ चुकीच्या जागी टेकली, हे ती सांगू शकत नाहीत.

प्रौढ वयात आरंभ करणाऱ्यांच्या मनात संकोच असतो. त्यांच्यासाठी विनोबा भावे यांचे उदाहरण बोलके आहे. १८९५ मध्ये रायगड जिल्ह्यातील गागोदे येथे जन्मलेल्या विनोबांनी प्रौढपणी अरबी शिकून कुराण मुळातून अभ्यासले आणि ‘कुराण-सार’ हे संकलन सिद्ध केले. मौलाना आझाद यांच्यासमोर त्यांनी केलेल्या पठणाची आठवण सर्वोदय परिवारात आजही सांगितली जाते. १९६० च्या पावसाळ्यात त्यांचा मुक्काम इंदुरात होता आणि तेथील विसर्जन आश्रम हे त्या वास्तव्याचेच फलित होय. मातृभाषा मराठी असणे हा शुद्ध पठणातला अडसर नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

नवशिक्याने गतीचा मोह टाळावा. रोज चार-पाच ओळी, प्रत्येक अक्षर आपल्या जागेवरून आणि आठवड्यातून किमान एकदा जाणकारासमोर पठण, एवढे पथ्य पुरेसे आहे. सुरेलपणा नंतरचा, अशुद्ध उच्चार गोड गळ्याने झाकला जात नाही. अडखळत, कष्टाने वाचणाऱ्याला दुहेरी पुण्य लाभते, असे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत नमूद आहे; एक पठणाचे आणि दुसरे कष्टाचे, असा अर्थ भाष्यकार लावतात. चुकण्याच्या भीतीने ग्रंथ मिटून ठेवणाऱ्यासाठी परंपरेने दिलेला हा मोठाच दिलासा आहे.